रक्त काढलं, तरी बोटं का दुखतात?

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका लेकीचा आहे. वडील ५४ वर्षांचे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीचे चालक झाले. चार वर्षांपासून दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी दुखतं, उजवा घोटा अधूनमधून सुजतो. मधुमेह आहे. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) समजून दीड वर्ष त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं गेलं, गुण आला नाही. मग कुणीतरी फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घेतलं तर ते १,४८० निघालं आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन लोहानं किती भरलंय ते) ७८ टक्के. आता दर आठवड्याला ३५० मिलीची एक पिशवी रक्त काढतात. १४ पिशव्या झाल्या, फेरिटिन ९०० वर आलं, बोटं मात्र होती तशीच आहेत. ती लिहिते : 'पपा म्हणतात, दुखणं जात नाही तर रक्त कशाला फुकट घालवायचं? जीन टेस्टमध्येही काही निघालं नाही, मग हे आनुवंशिक कसं? की खाणीतलं लोखंड अंगात शिरलं?'

संशय आहे तो हिमोक्रोमॅटोसिसचा, म्हणजे अंगात जास्तीचं लोह साठत जाण्याच्या आजाराचा. खाणीपासून सुरुवात करतो, कारण डिचोली-सत्तरीकडून येणारा प्रत्येक पेशंट हे विचारतोच आणि विचारणं साहजिक आहे. ज्या गावात लाल धूळ ताटापर्यंत यायची, तिथल्या माणसाला अंगात लोह जास्त आहे म्हटलं की दुसरं काय सुचणार? पण खनिजाची धूळ म्हणजे थोडक्यात गंज. श्वासातून गेली तर ती फुफ्फुसात अडकते, तिथे त्रास देऊ शकते, पण रक्तात विरघळून यकृतात आणि बोटांच्या सांध्यांत जाऊन बसत नाही. ७८ टक्के सॅच्युरेशन धुळीनं होत नाही, विहिरीच्या लालसर पाण्यानंही नाही.

ते होतं आतड्यात. आपल्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं. रोज एक-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच झडलेल्या पेशींबरोबर बाहेर जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय मात्र शरीरात नाही. म्हणून सगळी राखण आत येण्याच्या वाटेवर आहे. खाजन शेतीची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीची) मानस, म्हणजे पाणी अडवणारं फळ्यांचं दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. भरतीला फळ्या मिटल्या नाहीत तर खारं पाणी शेतात शिरतं आणि मीठ जमिनीत राहतं. यकृतातून निघणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक लोहासाठी त्या फळ्यांचं काम करतं. जन्मतः जीनमध्ये खोट असली की हेप्सिडिन कमी पडतं, वाट सताड उघडी राहते आणि तीस-चाळीस वर्षांत शरीरात वीस ग्रॅमपर्यंतसुद्धा लोह साठू शकतं. यकृत, स्वादुपिंड, हृदय, पिट्युटरी ग्रंथी आणि सांधे ही त्याची ठाणी. पपांचा मधुमेह कदाचित याच घरातला आहे.

जीन टेस्टचं असं आहे. युरोपात, त्यातही उत्तर युरोपात, या आजारामागे बहुतेक वेळा एचएफई या जीनमधला सी२८२वाय हा बदल असतो. तो १९९६ साली सापडला आणि लॅबच्या साध्या टेस्टमध्ये मुख्यतः तोच पाहतात. भारतीयांत तो जवळपास नसतोच. आपल्याकडे त्याच जीनमधला एच६३डी हा बदल दिसतो, पण त्याची एक प्रत एवढं लोह साठवू शकत नाही. आपल्या लोकांत हा आजार असतो तेव्हा दोष बऱ्याचदा दुसऱ्या जीनमध्ये असतो, हिमोज्युव्हेलिन, ट्रान्सफेरिन रिसेप्टर-२, फेरोपोर्टिन वगैरे, आणि त्यासाठी मोठं पॅनेल, म्हणजे अनेक जीनची एकत्र तपासणी, करावी लागते. म्हणून 'निगेटिव्ह' याचा अर्थ 'आनुवंशिक नाही' असा घेऊ नका. मात्र पॅनेलवर पैसे घालण्याआधी दोन-तीन स्वस्त गोष्टी बघून घ्या. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक आहे का (हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत कळतं), दारू किती, पूर्वी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतली का, आणि यकृताचा एमआरआय, ज्यात लोह थेट मोजता येतं. नुसतं फेरिटिन वाढलेली माणसं माझ्याकडे आठवड्याला चार येतात. फॅटी लिव्हर, दारू, कुठलीही सूज, सगळ्यानं ते वाढतं. पण त्यांचं सॅच्युरेशन सहसा पंचेचाळीसच्या आत असतं. तुमच्या वडिलांचं ७८ आहे, म्हणून मी हे गंभीरपणे घेतोय.

आता बोटं. या आजारातला संधिवात १९६४ साली पहिल्यांदा नीट वर्णिला गेला आणि त्याची ओळख आजही तीच आहे : तर्जनी आणि मधल्या बोटाचं मूळ. पाश्चात्य डॉक्टर म्हणतात की या पेशंटला हस्तांदोलन नको वाटतं. आपण नमस्कार करणारी माणसं, आपल्याला ते कसं कळणार! मला ते कळलं एका पायलटकडूनच. तो म्हणाला, 'दोतोर, क्लच दामूंक जायना.' म्हणजे क्लच दाबता येत नाही. दोन बोटांनी दिवसभर क्लच ओढणारा माणूस हे दुखणं सर्वात आधी पकडतो. बायका सांगतात की आडोळीवर (विळीवर) नारळ धरवत नाही, आणि चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधताना सुंभाची गाठ आवळत नाही.

एक्स-रेमध्ये त्या दोन सांध्यांतलं अंतर कमी झालेलं दिसतं आणि हाडाच्या टोकाला आकड्यासारखी वाढ दिसते. गुडघ्याच्या किंवा मनगटाच्या कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात) चुन्याची बारीक रेघही कधी सापडते, ते कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक. लोह त्या स्फटिकांना विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या आड येतं, असा समज आहे. शिवाय लोह सांध्याच्या अस्तरात बसतं आणि कूर्चा झिजवतं. आणखी एक सांधा म्हणजे घोटा. साध्या वयाच्या झिजेत घोटा फारसा जात नाही. जाड नसलेल्या, कधी पाय न मोडलेल्या माणसाचा घोटा खराब झाला तर फेरिटिन करावं, हे मी आता डोळे मिटून सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो. एका जुन्या फुटबॉल खेळाडूच्या घोट्याला मी तीन वर्षं 'खेळातली जुनी इजा' म्हणत राहिलो. सासष्टीत घोटा दुखणाऱ्या पुरुषाला फुटबॉलबद्दल विचारायचं आणि तिथेच थांबायचं, अशी मला सवय लागली होती. त्याच्या फाइलमध्ये हाताचा एक्स-रे होता आणि त्यात हाडाचा तो आकडा स्पष्ट दिसत होता. बघितला कुणी? मीही नाही.

तेव्हा ज्यांनी आमवात म्हटलं त्यांच्यावर फार रागावू नका. आमवातही बोटांच्या मुळाशीच येतो. पण आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या (आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी) निगेटिव्ह, सकाळचा आखडलेपणा थोडाच वेळ आणि दुखणं फक्त दोन बोटांत असेल, तर पुन्हा विचार करायला हवा. मेथोट्रेक्सेटचा या सांध्यांना उपयोग नाही, आणि लोहानं आधीच भरलेल्या यकृतावर ते ओझं आहे. अजून चालू असेल तर या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना विचारून बंद करा, आणि यकृत किती कडक झालंय हे पाहायला फायब्रोस्कॅन करून घ्या. फेरिटिन हजारच्या वर गेलेल्यांत सिऱ्हॉसिसची, म्हणजे यकृत कायमचं कडक होण्याची, भीती असते. तो निघाला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण त्या यकृतात कर्करोग होऊ शकतो.

पपांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. रक्त काढणं हा यकृत, हृदय आणि आयुष्य वाचवण्याचा उपाय आहे. सांध्यांचा तो उपाय नव्हे, निदान खात्रीचा नव्हे. थकवा कमी होतो, यकृताचे आकडे सुधारतात, कातडीचा काळपटपणा उतरतो (आपल्याकडे तो उन्हाच्या नावावर खपलेला असतो). सांधे मात्र काहींचे थोडे हलके होतात, बऱ्याच जणांचे तसेच राहतात, काहींचे पुढेही बिघडत जातात. लोह धुऊन काढलं तरी झिजलेली कूर्चा परत उगवत नाही. रक्त काढायला सुरुवात केल्यावर मध्येच एखादा सांधा भडकून सुजलेलाही मी पाहिला आहे, तो स्फटिकांचा खेळ. हे पहिल्या पिशवीच्या आधीच सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे लोक दहाव्या-बाराव्या पिशवीला येणं सोडतात, आणि पाच वर्षांनी पोटात पाणी घेऊन येतात.

हिशेब करून दाखवा त्यांना, मेकॅनिक आहेत, पटेल. हिमोग्लोबिन १४ असताना ३५० मिली रक्तात साधारण १६० मिलिग्रॅम लोह जातं. १४ पिशव्या म्हणजे सव्वादोन ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं त्याच्या निम्म्याहून जास्त लोह आत्तापर्यंत बाहेर आलं आहे. ते आतड्यातून लगेच भरून येणारं नाही. फेरिटिन ५० पर्यंत न्यायचं आहे, याच गतीनं अजून वीसेक पिशव्या लागतील. वजन ५५ किलोच्या वर असेल आणि चक्कर येत नसेल तर ४५० मिलीची पिशवी चालते का विचारा, महिना-दीड महिना वाचेल. दर वेळी आधी हिमोग्लोबिन पाहा. १२ च्या खाली गेलं तर पंधरवड्यावर या, ११ च्या खाली तर थांबा. उपाशीपोटी जाऊ नका, आदल्या रात्रीपासून पाणी भरपूर प्या, आणि त्या दिवशी पायलटची पाळी नको. दर चार पिशव्यांनी फेरिटिन पुरे, दर आठवड्याला कशाला? ५० गाठल्यावर वर्षाला दोन ते चार पिशव्या, आयुष्यभर, फेरिटिन ५० ते १०० मध्ये ठेवायला. त्या काळात सॅच्युरेशनही पाहत चला. ते दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या वर राहिलेल्यांना सांध्यांचा त्रास जास्त होतो, असं दिसून आलं आहे. सांध्यांसाठी रक्त काढण्याचा जो काही उपयोग आहे, तो मला इथे वाटतो : नवे सांधे धरू नयेत म्हणून.

'फुकट घालवणं' हे पपांना लागतंय ते मला समजतं. आपल्याकडे रक्तदानात पुरुषाला ९० दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे आठवड्याची पिशवी कुणाला चढवत नाहीत, टाकून देतात. जळवा लावल्या तर चालेल का, हेही मला विचारतात. एक जळू दहा-एक मिली पिते. पस्तीस जळवा दर आठवड्याला कुठून आणणार? लोह बांधून बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्ससारखी औषधं आहेत, पण ती रक्त काढणं जमतच नसेल त्यांच्यासाठी. मूत्रपिंड आणि यकृतावर नजर ठेवून द्यावी लागतात आणि महाग पडतात. डेफेरिप्रोन नावाच्या दुसऱ्या औषधानं तर स्वतःच गुडघे सुजतात. थॅलेसेमियाची मुलं सांभाळणाऱ्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. सांधे दुखणाऱ्याला ते मी देणार नाही.

मग सांध्यांचं काय करायचं? त्यांच्यावर वेगळा इलाज करायचा, आजपासून, लोह उतरायची वाट न पाहता. इथेच सगळ्यात जास्त हयगय होते. रक्त काढणारे म्हणतात सांधे आमच्याकडे नाहीत, सांधेवाले म्हणतात आधी लोह उतरू दे.

रोजच्या दुखण्याला आधी डायक्लोफेनॅकचं जेल, दिवसातून तीन-चारदा त्या दोन सांध्यांवर. हाताच्या लहान सांध्यांना ते खरंच लागू पडतं, पोटात काही जात नाही. मग पॅरासिटामॉल. यकृत खराब असेल तर दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मधुमेहात आणि यकृताच्या आजारात जपून. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बरं असेल तर चार-पाच दिवस, सिऱ्हॉसिस असेल तर अजिबात नाही. फार्मसीत जाऊन 'दुखण्याची दे' म्हणून गोळ्या आणायची आपली रीत इथे धोक्याची आहे. सोबत आम्लपित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी देतात, तिनं आतड्यात लोह कमी शोषलं जातं आणि पिशव्या थोड्या कमी लागतात हे सिद्ध झालंय. पण तेवढ्यासाठी ती आयुष्यभर गिळू नका.

घोटा किंवा गुडघा एकाएकी लाल होऊन फुगला तर पहिली गोष्ट, त्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला द्यायचं. लोहानं भरलेल्या शरीरात काही जंतू माजतात, त्यामुळे सांध्यात पू नाही ना हे आधी पाहायचं. ताप असेल तर त्याच दिवशी. पू नाही, स्फटिक आहेत असं ठरलं की कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा-दोनदा. जुलाब लागले किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर त्याहून कमी. वारंवार भडका होणाऱ्यांना मी काही महिने रोज एक गोळी ठेवतो. एखादाच सांधा छळत असेल तर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, शक्यतो सोनोग्राफीच्या नजरेखाली. वडिलांची साखर त्यानंतर काही दिवस चढेल, घाबरू नका, पण मोजत राहा. बोटांच्या मुळाशी दिलेल्या इंजेक्शनाचा गुण काही महिने टिकतो, कायम नाही.

गोळ्यांइतकंच काम साध्या बदलांनी होतं. क्लचची गाडी विकून बिनगिअरची स्कूटर घ्या. मी गंमत करत नाहीये. माझ्या त्या पायलट पेशंटला सगळ्यात जास्त आराम यानंच पडला. पायलटचा परवाना गाडीला जोडलेला असतो, कागदपत्रांचा ताप होईल, पण करा. पान्याच्या आणि सुरीच्या मुठीवर जुन्या सायकल ट्यूबचे वेढे द्या, जाड मूठ धरायला बोटं कमी वळतात. रात्री मेण किंवा कोमट पाण्याचा शेक. हाताचा फिजिओथेरपिस्ट भेटला तर एक छोटं स्प्लिंट (बोटांना आधार देणारी पट्टी) करून घ्या, काम करताना वापरायचं, दिवसभर नाही. घोट्याला ब्रेस, आणि पुढून किंचित वर वळलेल्या कडक तळव्याचा बूट. घरात लादीवर अनवाणी चालणं बंद. आईला सांगा, घरातली चप्पल वेगळी ठेवली तर देवघरही विटाळत नाही.

यानं भागलं नाही तर ऑपरेशन. खुबा आणि गुडघा बदलल्यानं छान आराम मिळतो, या आजारात खुबा बदलायची वेळ इतरांपेक्षा जास्त वेळा येते. घोट्याला मी अजूनही बहुतेकांना सांधा जखडून टाकण्याचाच सल्ला देतो. चाल थोडी बदलते पण दुखणं जातं, आणि उभं राहून कष्ट करणाऱ्याला तेच हवं असतं. ऑपरेशन ठरलं की काही आठवडे आधी रक्त काढणं थांबवा, हिमोग्लोबिन भरून येऊ द्या.

खाण्यापिण्याबद्दल लोक वाजवीपेक्षा जास्त विचारतात. पालेभाजी, नाचणी, उकडे तांदूळ, बिड्याचा तवा यावरून घरात भांडणं नकोत. यांतलं लोह एका पिशवीपुढे किरकोळ आहे. जेवणानंतर चहा घ्यायची सवय असेल तर राहू द्या, चहानं लोह कमी शोषलं जातं. बंद काय करायचं? लोहाची टॉनिकं, लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. घरात कुणी 'अशक्तपणा' म्हणून आणून ठेवलेल्या बाटल्या आधी शोधा. आणि दारू. एप्रिल-मेत हुर्राक येते तेव्हा पेशंट माझी नजर चुकवतात. यकृताचा रिपोर्ट येईपर्यंत एक थेंबही नाही, सिऱ्हॉसिस निघाला तर कधीच नाही.

एका गोष्टीवर मात्र मी गोव्यात प्रत्येकाला हटकतो. कालवं, तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे शिंपल्यातले जीव कच्चे किंवा अर्धकच्चे खायचे नाहीत. पूर्ण शिजलेल्या सुक्याला हरकत नाही. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, जास्तीच्या लोहावर तो भराभर वाढतो, आणि अशा माणसाला एक-दोन दिवसांत संपवू शकतो. पायाला जखम असताना खाजनात, नदीच्या चिखलात उतरून खुबे काढणंही त्याच कारणासाठी नको. पाय कापलाच आणि संध्याकाळपर्यंत लाल होऊन ताप आला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा, 'अंगात लोह जास्त आहे.'

आता तुमच्याबद्दल, कारण तुम्ही ते विचारलंच नाही. आजार सहसा दोन्ही बाजूंनी सदोष जीन आला तरच होतो, म्हणून वडिलांच्या प्रत्येक सख्ख्या भावा-बहिणीला चारात एक एवढी शक्यता. मुंबईत असोत की पोर्तुगालात, सगळ्यांना फेरिटिन आणि उपाशीपोटी सॅच्युरेशन करायला सांगा. तुम्ही बहुधा नुसत्या वाहक असाल, तरी एकदा करून घ्या. पाळी येते तोवर बायकांचं लोह दर महिन्याला थोडं बाहेर जातं, त्यामुळे आत्याचं दुखणं पाळी गेल्यावर सुरू झालं असेल तर तिला सर्वात आधी न्या.

पुढच्या वेळी कागद पाठवाल तेव्हा वडिलांच्या दोन्ही हातांचा एकाच फिल्मवरचा एक्स-रे आणि दोन्ही घोट्यांचा उभ्यानं काढलेला एक्स-रे पाठवा. झोपवून काढलेल्यात सांध्यातलं अंतर खोटं दिसतं, आणि ऑपरेशनचा निर्णय मी त्यावरून घेत नाही.